राणीच्या नावाची शपथ

राजे जाण्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. कोणाचे मस्तक उडते, कोणी वेष पालटून रातोरात पळ काढतो, कोणाच्या वाड्यावर जमाव चाल करून जातो. इतिहासाच्या पुस्तकात अशा ठिकाणी हमखास एक चित्र असते आणि मुले नेमके तेच पान दुमडून ठेवतात. मी पुष्कळ वर्षे शाळेत इतिहास शिकवीत आले आहे आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहीत आले आहे. त्यामुळे रक्ताचा थेंब न सांडता राज्य पालटल्याची हकीकत हाती आली, की माझ्यातली शिक्षिका सुखावते आणि कादंबरीकार जरा हिरमुसते. आज मी सांगणार आहे ती हकीकत अशाच जातीची आहे.

१२ मार्च १९९२ या दिवशी मॉरिशस बेटावरचे राणीचे राज्य संपले. राणीला देश सोडून जावे लागले नाही, कारण ती तिथे राहतच नव्हती. कोणाचा वाडा जप्त झाला नाही. राणीचे प्रतिनिधी म्हणून जे गृहस्थ काल काम पाहत होते, तेच आज नव्या प्रजासत्ताकाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. देशाचे नाव बदलले नाही; ते आजही एका डच राजपुत्राचे नाव आहे. राजधानीचे नाव बदलले नाही; पोर्ट लुई हे नाव एका फ्रेंच राजावरून पडलेले आहे. एवढेच काय, पोर्ट लुईच्या सरकारी वाड्यासमोर व्हिक्टोरिया राणीचा जो पुतळा उभा आहे, तोही कोणी हलविला नाही.

मग बदलले काय? आणि बदललेच नसेल, तर त्यासाठी त्या लोकांनी चोवीस वर्षे वाट का पाहिली? या दोन प्रश्नांचा उलगडा करण्याचा हा प्रयत्न आहे. मी काही राज्यशास्त्राची पंडित नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले. पण या बेटावर आपल्या कोकणपट्टीतली माणसे जाऊन वसली, त्यांची पणतवंडे आजही गणपती बसवितात. तेव्हा ही कथा अगदीच परक्याची नाही.

प्रथम बेटाची ओळख करून घेऊ. आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर, आणि त्याच्याही पूर्वेला, हिंदी महासागरात, आपल्या एखाद्या लहान जिल्ह्याहूनही लहान असे हे बेट आहे. त्यावर मूळची वस्ती नव्हतीच. इथली सगळीच माणसे समुद्रावरून आलेली. १५९८ साली डच आले आणि त्यांनी आपल्या मॉरिस या राजपुत्राचे नाव बेटाला दिले. डोडो हा उडता न येणारा बापडा पक्षी त्यांच्याच काळात नामशेष होत गेला. १७१० मध्ये ते निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. ला बूर्दोने नावाच्या त्यांच्या कर्तबगार गव्हर्नराने पोर्ट लुई हे बंदर उभारले, आणि आफ्रिका-मादागास्करहून आणलेल्या गुलामांच्या घामावर उसाचे मळे वाढले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. पण जिंकताना त्यांनी तिथल्या फ्रेंच मळेवाल्यांना एक वचन दिले : तुमची भाषा, तुमचे कायदे, तुमचा धर्म यांना आम्ही हात लावणार नाही. त्यामुळे गंमत अशी झाली, की निशाण इंग्रजांचे, कचेरीतली भाषा इंग्रजी आणि घरातली, बाजारातली बोली मात्र फ्रेंच वळणाची. या बेटावर सत्ता बदलली तरी आधीचे बरेचसे तसेच राहते, ही रीत तेव्हापासूनची आहे.

१८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली. पण उसाला कायदा कळत नाही. त्याला तोडणारे हात लागतात. ते हात मळेवाल्यांनी हिंदुस्थानात शोधले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ नावाचे जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. पुढच्या पाऊणशे वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे या वाटेने गेली. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांताकडची, मग मद्रासेकडची तमिळ व तेलुगू, आणि मुंबई बंदरातून चढलेली थोडी आपली मराठी माणसे. धक्क्यावर उतरल्यावर सोळा पायऱ्या चढाव्या लागत. तो धक्का आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने जपला आहे, आणि २००६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद झाली आहे.

त्या सोळा पायऱ्यांच्या वर बसलेला असे तो कारकून. त्याच्यापुढे असे ते कागद. इंग्रजी ‘ॲग्रीमेंट’चे ‘गिरमिट’ झाले ते याच कागदामुळे. मजुराने आपले नाव सांगायचे आणि कारकुनाने त्याच्या कानाला जमेल तसे ते लिहायचे. बापाचे नाव तेच पुढे आडनाव झाले. जगन्नाथ, रामगुलाम ही मूळची व्यक्तिनावे कारकुनी स्पेलिंग लेवून घराण्यांची नावे होऊन बसली. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना अंगावर बाळगावा लागे. तो जवळ नसला तर भटक्या ठरवून तुरुंगात टाकीत. ज्यांच्या घरी आरसादेखील नसेल, अशा माणसांचे पहिले छायाचित्र निघाले ते पोलिसांना दाखविण्यासाठी!

अशा माणसाच्या लेखी राणी म्हणजे काय असेल? राणी कुठेतरी दूर होती. कागदावर वर तिचे नाव होते आणि खाली ह्याचा अंगठा होता. मधे मळ्याचा मालक, मुकादम, कारकून आणि शिपाई अशी उतरंड होती. तरीही, आपल्याकडे जसे दुष्काळात गांजलेले कुणबी ‘सरकार मायबाप’ म्हणत, तसे तिथेही वाटत असावे, की जवळचे सगळे निष्ठुर असले तरी दूरच्या त्या मायेच्या कानी आपले गाऱ्हाणे पोहोचले तर काही होईल. १८७१ मध्ये अडॉल्फ द प्लेविट्झ नावाच्या एका युरोपियन मळेवाल्याने या जुन्या मजुरांची बाजू घेऊन गव्हर्नराकडे अर्ज केला. त्यावर ९ हजार ४०१ मजुरांची नावे होती. मळेवाले त्याच्यावर इतके खवळले, की त्याला भर रस्त्यात मार खावा लागला. पण पुढल्याच वर्षी राणीच्या नावाने चौकशी आयोग आला, आणि मजुरांच्या हालांची नोंद सरकारी कागदावर झाली. ज्या कागदाने माणसाला बांधले होते, त्याच कागदावर त्याने प्रथम तोंड उघडले. माझ्या मते बेटावरच्या प्रजासत्ताकाची पहिली ओळ इथे लिहिली गेली.

१९०१ च्या ऑक्टोबरअखेर आफ्रिकेहून परतताना गांधीजींचे जहाज पोर्ट लुईला लागले आणि ते काही आठवडे बेटावर राहिले. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असे त्यांनी तिथल्या हिंदी लोकांना सांगितले. १९०७ मध्ये त्यांच्या प्रेरणेने मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर तिथे गेले आणि कोर्टात मजुरांची वकिली करू लागले. पण मत देण्याचा अधिकार मालमत्ता आणि मिळकत असणाऱ्यांनाच होता. चार लाखांवर वस्तीच्या बेटावर मतदार बारा हजारांच्या आतबाहेर. बाकीच्यांनी ऊस तोडायचा.

यानंतर जे घडले ते शिक्षक म्हणून मला या कथेतले सर्वांत प्रिय पान वाटते. १९४७ च्या नव्या राज्यघटनेने असे ठरविले, की बेटावर चालणाऱ्या कोणत्याही एका भाषेत ज्याला साधी वाक्ये लिहिता-वाचता येतील त्याला मत आहे. स्त्रियांनाही आहे. भाषा इंग्रजी-फ्रेंचच हवी असे नाही. हिंदी चालेल, तमिळ चालेल. वासुदेव विष्णुदयाल नावाचे एक विद्वान आपल्या ‘जन आंदोलना’तून गावोगाव अक्षरे शिकवीतच होते. मळ्यांच्या वस्त्यांमध्ये ‘बैठका’ भरत. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे रात्री बैठकीत बसून आपले नाव गिरवू लागली. मतदारांचा आकडा एका दमात बारा हजारांवरून सत्तर हजारांच्या वर गेला, आणि १९४८ च्या निवडणुकीत मजुरांच्या नातवंडांनी कायदेमंडळाचे दार उघडले. विळा धरून घट्टे पडलेल्या बोटांना पेन्सिल धरायला किती कष्ट पडतात, हे प्रौढांना शिकविणाऱ्याने पाहिलेले असते. फ्रान्सच्या लोकांनी बॅस्तीय फोडली. या लोकांनी बाराखडी फोडली असे मी म्हणेन. १९५९ मध्ये सर्वच प्रौढांना मत मिळाले तेव्हा ही परीक्षाही उरली नाही.

आता स्वातंत्र्याकडे वळू. या चळवळीचे पुढारी शिवसागर रामगुलाम. त्यांचा जन्म १९०० चा. बाप बिहारमधून गिरमिटावर आलेला. मुलगा लंडनला जाऊन डॉक्टर झाला, आणि परत येऊन मजूर पक्षाचा नेता. १९६७ च्या ऑगस्टमध्ये स्वातंत्र्याच्या प्रश्नावरच निवडणूक झाली. रामगुलामांच्या आघाडीला ६२ पैकी ३९ जागा मिळाल्या. पण मतांचे गणित पाहिले तर सुमारे ४४ टक्के लोक विरुद्ध पडले होते. आपल्याला हे चमत्कारिक वाटेल. स्वातंत्र्याला कोणी विरोध करते काय? पण त्यांच्या जागी बसून पाहा. गुलामांचे वंशज क्रिओल, फ्रेंच वंशाचे गोरे, काही मुसलमान, काही चिनी, अशा अनेकांच्या मनात भीती होती, की इंग्रज गेला म्हणजे उरेल ते संख्येने मोठ्या हिंदूंचे राज्य. १९६८ च्या जानेवारीत पोर्ट लुईमध्ये क्रिओल आणि मुसलमान यांच्यात दंगल पेटली, वीसहून अधिक माणसे मेली, आणि सिंगापूरहून ब्रिटिश फौज आणावी लागली. स्वातंत्र्यसोहळ्यासाठी इंग्लंडहून राजकन्या अलेक्झांड्रा यायची होती. तिचे येणे रद्द झाले.

१२ मार्च १९६८ रोजी युनियन जॅक उतरला आणि तांबडा, निळा, पिवळा, हिरवा अशा चार पट्ट्यांचा झेंडा चढला. तारीख मुद्दाम निवडलेली होती. १९३० मध्ये याच दिवशी गांधीजी साबरमतीहून दांडीकडे निघाले होते.

झेंडा बदलला, तरी राणी राहिली. एलिझाबेथ आता ‘मॉरिशसची राणी’ झाली. तिच्या वतीने गव्हर्नर-जनरल काम पाहणार. कायद्यावर तिच्या नावाने सही होणार. निवडून आलेला सभासद सभागृहात बसण्यापूर्वी तिच्याशी, तिच्या वारसांशी निष्ठा राखण्याची शपथ घेणार. पहिले गव्हर्नर-जनरल झाले ते शेवटचे इंग्रज गव्हर्नर जॉन शॉ रेनी हेच. टोपी बदलली, डोके तेच.

हे ऐकून आपण हसण्यापूर्वी स्वतःकडे पाहू. १५ ऑगस्ट १९४७ पासून २६ जानेवारी १९५० पर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षे, आपणही असेच राजाच्या छत्राखाली स्वतंत्र होतो. सहावा जॉर्ज कायद्याने आपला राजा होता, आणि राजाजी त्याचे गव्हर्नर-जनरल. शाळेत मुलांना हे सांगितले की ती माझ्याकडे अविश्वासाने पाहतात. एप्रिल १९४९ मध्ये लंडनला राष्ट्रकुलाच्या बैठकीत ठरले, की भारत प्रजासत्ताक झाला तरी राष्ट्रकुलात राहू शकेल. ती वाट आपण पाडली, आणि मॉरिशस पुढे त्याच वाटेने गेले. फरक इतकाच, की आपण अडीच वर्षांत जे केले त्याला त्यांना चोवीस वर्षे लागली.

का लागली? आळस हे त्याचे उत्तर नाही. त्या बेटावर दूरची राणी हा एक विसावा होता. राष्ट्रप्रमुख आपल्यातला असावा असे म्हटले, की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो : आपल्यातला म्हणजे कोणातला? हिंदू? मुसलमान? क्रिओल? तमिळ? राणी यांपैकी कोणीच नव्हती, म्हणून ती सर्वांना सारखीच परकी आणि सर्वांना सारखीच चालण्यासारखी होती. भाऊबंदकीने गांजलेल्या घरात तिजोरीची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवतात, तसा हा प्रकार. त्यातून राज्यघटनेचा दंडक असा, की हा बदल करायचा तर सभागृहाच्या तीन-चतुर्थांश सभासदांनी होकार द्यावा. म्हणजे एका जमातीच्या जोरावर किल्ली काढून घेण्याची सोयच नव्हती.

दरम्यान राणी १९७२ च्या मार्चमध्ये येऊन बेट पाहून गेली. गव्हर्नर-जनरलच्या जागेवर पहिला स्थानिक माणूस आला तो त्याच साली, रमण उस्मान. पुढे १९८३ च्या अखेरीस, पंतप्रधानपद गेलेले वृद्ध रामगुलाम त्या जागी आले. पोर्ट लुईपासून काही अंतरावर ल रेद्वी नावाचा टोलेजंग वाडा आहे. संकटात आसरा घ्यायला म्हणून फ्रेंचांनी तो अठराव्या शतकात बांधला, आणि पुढे एकामागून एक गव्हर्नर तिथे राहिले. गिरमिटियाचा मुलगा त्या वाड्यात राहायला गेला आणि १५ डिसेंबर १९८५ रोजी तिथेच त्याने देह ठेवला. १९८७ पासून नाण्यांवर राणीच्या जागी रामगुलामांचा मुखवटा आला. खिशातली राणी अशी आधीच गेली होती. कायद्यातली तेवढी उरली होती.

ती काढण्याचा प्रयत्न दोनदा फसला. १९८३ मध्ये सरकारने प्रस्ताव आणला. तीन-चतुर्थांश मते जमली नाहीत. १९९० मध्ये पुन्हा आणला. पुन्हा जमली नाहीत. त्या वेळी पॉल बेरांजे यांना राष्ट्राध्यक्ष करण्याचा बेत होता, आणि त्यावरून सरकारातच फूट पडली. माझ्यातल्या कादंबरीकाराला इथे जरा आशा वाटू लागते. आता काही तरी होईल, कोणी तरी चिडेल, फौज रस्त्यावर येईल! पण तसे काहीच होत नाही. प्रस्ताव पडतो, सभासद घरी जातात, आणि पुढल्या निवडणुकीची वाट पाहतात.

याची किंमत कळायला दुसऱ्या एका बेटाकडे पाहावे लागते. प्रशांत महासागरातल्या फिजीमध्येही आपलीच माणसे गिरमिटावर गेली होती, उसाच्याच मळ्यांत राबली होती, आणि तीच एलिझाबेथ तिथलीही राणी होती. १९८७ च्या एप्रिलमध्ये तिथे भारतीय वंशाच्या लोकांचा भरणा असलेले सरकार निवडून आले. मे महिन्यात लष्कराने ते उलथले, सप्टेंबरात पुन्हा एकदा बंड केले, आणि ७ ऑक्टोबर १९८७ रोजी फिजी प्रजासत्ताक झाल्याचे जाहीर केले. राणी तिथेही गेली. पण बंदुकीने गेली, आणि तिच्या जागी जे आले त्याने गिरमिटियांच्या वंशजांना दुय्यम ठरविले. हजारो कुटुंबे देश सोडून निघून गेली. ‘प्रजासत्ताक’ हा शब्द दोन्हीकडे एकच. म्हणून मी मुलांना सांगते, की राजा गेला एवढे वाचून टाळ्या पिटू नका. त्याला कोणी घालविले आणि कोणाला विचारून, ते आधी पाहा.

मॉरिशसमध्ये सप्टेंबर १९९१ मध्ये निवडणूक झाली. पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ आणि बेरांजे यांच्या पक्षांची युती ६२ पैकी ५७ जागा घेऊन आली. प्रजासत्ताकाचा प्रश्न त्यांनी लोकांपुढे उघडपणे मांडलेला होता. त्या डिसेंबरात घटनादुरुस्ती संमत झाली, आणि पुन्हा १२ मार्च हीच तारीख धरून १९९२ मध्ये ती अमलात आली. गव्हर्नर-जनरल वीरास्वामी रिंगाडू राष्ट्राध्यक्ष झाले. ते तमिळ कुळातले. जूनअखेर त्यांच्या जागी कासम उतीम आले. ते मुसलमान. पुढे २००२ मध्ये कार्ल ऑफमन आले. ते ख्रिस्ती. ‘आपल्यातला म्हणजे कोणातला’ या प्रश्नाचे उत्तर त्या देशाने असे पाळीपाळीने दिले.

टीकाकार म्हणतात, यात काय मोठे? सत्ता पूर्वीही पंतप्रधानाची होती, आताही त्याचीच आहे. राष्ट्राध्यक्षाचे नाव तोच सुचवितो आणि सभागृहातल्या साध्या बहुमताने निवड होते. शेवटचे अपील तर आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. हे सर्व खरे आहे. तरीही दोन प्रसंग मला सांगावेसे वाटतात.

२००२ मध्ये सरकारने दहशतवादविरोधी कायदा केला. नागरिकांच्या हक्कांवर तो घाला घालतो असे उतीम यांचे मत. घटनेप्रमाणे सही तर केलीच पाहिजे, आणि मन तर घेत नाही. त्यांनी सही न करता १५ फेब्रुवारीला राजीनामा दिला. उपाध्यक्ष अंगिदी चेट्टियार यांच्याकडे कागद गेला. त्यांनीही सही न करता पद सोडले. अखेर सरन्यायाधीशांनी हंगामी अध्यक्ष या नात्याने सही केली. कायदा काही अडला नाही. पण ‘अमुक कागदावर माझे नाव घालणार नाही’ असे सर्वांत उंच खुर्चीवरून म्हणणारी माणसे निघाली. दूरच्या राणीने मॉरिशसच्या कायद्यासाठी खुर्ची सोडली असती काय?

दुसरा प्रसंग उलट बाजूचा. २०१५ मध्ये अमीना गुरिब-फकीम या शास्त्रज्ञ बाई राष्ट्राध्यक्ष झाल्या. त्या पदावरच्या पहिल्या महिला. एका खासगी संस्थेने दिलेल्या क्रेडिट कार्डाच्या वापरावरून वाद उठला. आपण काही गैर केले नाही असे त्यांचे म्हणणे होते. तरी मार्च २०१८ मध्ये त्यांना पद सोडावे लागले. खरेखोटे काही असो, राष्ट्रप्रमुखाला हिशेब विचारता येतो हे देशाने पाहिले. जन्माने आलेल्या राणीला हिशेब विचारण्याची तरतूद कोणत्याच घटनेत नसते.

आणि आता या शांत कथेतला काटा. तो लपविला तर ही गोष्ट खोटी ठरेल. स्वातंत्र्य देण्याआधी, ८ नोव्हेंबर १९६५ रोजी, इंग्रज सरकारने चागोस ही बेटे मॉरिशसपासून तोडून घेतली. बदल्यात ३० लाख पौंड दिले. त्यातल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता. १९६८ ते १९७३ या काळात तिथली दीड-दोन हजार माणसे घरादारातून काढून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर नेऊन सोडली. त्यांची कुत्रीसुद्धा मारून टाकली. तोडण्याचा तो हुकूम निघाला राणीच्या नावाने. आणि पुढची चोवीस वर्षे तीच राणी मॉरिशसचीही राष्ट्रप्रमुख होती! एकाच व्यक्तीच्या एका नावाने घर हिसकावलेले, आणि त्याच व्यक्तीच्या दुसऱ्या नावाने घरमालकाने निष्ठेची शपथ घ्यायची. नाटककाराला सुचले नसते असे हे द्वंद्व कायद्याने निर्माण केले होते. राणी निरुपद्रवी होती, ती फक्त नावापुरती होती, असे म्हणणाऱ्यांना चागोसच्या विस्थापितांनी काय उत्तर दिले असते याचा विचार करावा.

प्रजासत्ताक झाल्यावर देश आपल्याच नावाने जगाच्या दारात उभा राहिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिले, की चागोस तोडणे बेकायदा होते. त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ देश मॉरिशसच्या बाजूने उभे राहिले, विरुद्ध फक्त सहा. २२ मे २०२५ रोजी ब्रिटनने चागोसचे स्वामित्व मॉरिशसला देण्याच्या आणि दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाड्याने ठेवण्याच्या करारावर सही केली. करार झाला म्हणून हिसकावलेली वर्षे परत येत नाहीत. हाकलून दिलेल्यांपैकी कितीएक जण परतण्याची वाट पाहता पाहता परक्या मातीत गेले. १९६५ च्या कागदावर त्यांचा अंगठादेखील कोणी मागितला नव्हता.

तेव्हा बदलले काय, या प्रश्नाला माझे उत्तर असे, की शपथेतले नाव बदलले. एवढेच. पण ज्यांच्या आजोबांचे स्वतःचे नावही परक्या कारकुनाने लिहिले, ज्यांच्या बापांनी रात्री बैठकीत बसून ते नाव गिरवायला शिकून घेतले, त्यांच्या लेखी कागदावर कोणाचे नाव असावे हा फुटकळ प्रश्न नव्हता. १९४८ साली त्यांनी मतदाराच्या यादीत आपले नाव लिहिले. १९९२ साली सभासदाच्या शपथेत आपल्या देशाचे लिहिले. त्या दोन ओळींमध्ये चव्वेचाळीस वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अंतरात त्यांनी एकमेकांना पटवून घेतले. राज्य शांतपणे पालटले ते यामुळे.

आपली मराठी मंडळी या सगळ्यात संख्येने मूठभर. पण गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुटी असते, शाळांतून मराठी शिकविले जाते, आणि दिवाळीला तर सगळ्याच बेटाला सुटी. एप्रिल २०२३ मध्ये मोका इथल्या महाराष्ट्र भवनात शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. राणीला शपथेतून काढणाऱ्या प्रजासत्ताकात आपल्या माणसांनी एका राजाला मानाने आणून बसविले, हे वाचून मला प्रथम हसू आले. मग वाटले, यात विसंगती ती काय? हा राजा कोणावर लादलेला नाही. त्याच्या नावाने कोणाला शपथ घ्यावी लागत नाही. लोकांनी आपण होऊन आठवण ठेवली म्हणून तो तिथे आहे.

सरकारी वाड्यासमोरची व्हिक्टोरियाही तशीच उभी आहे. तिच्या समोरून आज ऊसतोड्यांची पणतवंडे फायली काखोटीला मारून कचेरीत जातात. तिला कोणी मुजरा करीत नाही आणि तिच्यावर कोणी दगडही मारीत नाही. दिवाळीच्या दिवसांत पोर्ट लुईत पणत्या लागतात, त्या हिंदूंच्या घरी लागतात आणि मिठाईची ताटे मात्र शेजारच्या मुसलमान, क्रिओल, चिनी घरांतही जातात. तुमच्या घरी आज फराळाचे ताट शेजारी जाईल, तेव्हा हिंदी महासागरातल्या त्या ठिपक्याएवढ्या देशाचीही क्षणभर आठवण असू द्यावी.